जुन्या सायकलीचे सुटे भाग

बैल विकत घेताना त्याचे दात पाहतात. जुनी सायकल घेताना तिच्या मागच्या चाकाचं हब पाहावं. बैलगाडीच्या चाकात मधोमध जो तुंबा असतो, ज्यात सगळे आरे येऊन रुततात, तेच सायकलचं हब. सायकल विलायती असेल आणि तिला तीन गिअरचं स्टर्मी-आर्चर हब असेल, तर त्यावरचं वाळलेलं ग्रीस आणि धूळ फडक्याने पुसावी. अशा बऱ्याच हबांवर छोटे आकडे ठोकलेले दिसतात. ‘५२’ आणि ‘१०’ असे आकडे दिसले, तर ते हब १९५२ सालच्या ऑक्टोबर महिन्यात, इंग्लंडमधल्या नॉटिंगहॅम शहरात तयार झालं, असं समजावं.

मात्र हा जन्माचा दाखला हबचा असतो, सायकलचा नव्हे. मागचं चाक मध्येच कधी बदललं गेलं, हे कोणी लिहून ठेवलेलं नसतं. अशा सायकलीकडे जरा निरखून पाहा. हँडलखालच्या बिल्ल्यावर रॅलेचा बगळा असतो. सीट बर्मिंगहॅमच्या ब्रुक्सची असते. पेडल लुधियानाची असतात. चेनकव्हर भलत्याच कंपनीच्या सायकलीवरून आलेलं असतं, आणि मागचं कॅरियर गावातल्या वेल्डरने सळई वाकवून केलेलं असतं. जुन्या वाड्यात आजोबांनी ओटा बांधला, वडिलांनी माडी चढवली, मुलाने न्हाणीघराला फरशी घातली, तसंच हे. पन्नास-साठ वर्षं रस्त्यावर राहिलेली सायकल क्वचितच एका वयाची असते.

आज मला बोलायचं आहे ते या सुट्या भागांविषयी. जुन्या सायकली टिकल्या त्याचं श्रेय आपण लोखंडाला देतो. ‘पूर्वीचं लोखंडच वेगळं’, असं म्हणतो. लोखंड चांगलं होतं, यात शंका नाही. पण नुसत्या लोखंडावर काही टिकत नाही. तसं असतं तर आपल्या गावोगावच्या तोफा अजून वाजल्या असत्या. सायकल टिकली, कारण तिचा झिजलेला भाग काढून दुसरा बसवता येत होता आणि तो बसवणारा माणूस नाक्यावर बसलेला होता. या दोन गोष्टी कशा जमून आल्या आणि आज त्या कुठवर आल्या आहेत, हे पाहण्यासारखं आहे.

आजच्या सायकलीचा घाट इंग्लंडमध्ये ठरला. त्याआधी एक प्रचंड आणि एक चिमुकलं अशा दोन चाकांची उंच सायकल होती. तिच्यावरून माणूस पडला की तोंडावरच पडायचा. १८८५ साली कॉव्हेंट्रीच्या जॉन केम्प स्टार्ली यांनी ‘रोव्हर’ नावाची सायकल आणली. दोन्ही चाकं जवळपास सारखी, मागच्या चाकाला साखळीने गती. १८८८ साली जॉन बॉइड डनलॉप यांनी बेलफास्टमध्ये हवेच्या टायरचं पेटंट घेतलं. त्यानंतर सायकलीत सुधारणा पुष्कळ झाल्या. पण स्टार्ली आज उठून रस्त्यावर आले, तर आपली सायकल ओळखतील.

ही नवी सायकल बनवायला कोण पुढे आलं? कॉव्हेंट्रीत शिलाई यंत्रं बनवणारे कारागीर होते आणि बर्मिंगहॅममध्ये बंदुका बनवणारे. ‘बीएसए’ हे नाव आपल्याकडे घरोघर माहीत आहे. त्याचा विस्तार ‘बर्मिंगहॅम स्मॉल आर्म्स’ असा, म्हणजे हलकी शस्त्रास्त्रं बनवणारी कंपनी. तिची स्थापना १८६१ सालची. एकमेकींना टेकवून उभ्या केलेल्या तीन बंदुका हे तिचं चिन्ह. शाळेत निघालेल्या कित्येक मास्तरांनी आणि मुलींनी त्या तीन बंदुका सायकलीवर वागवल्या आणि त्याचा अर्थ काय, हे विचारलंही नाही.

बंदूक बनवणाऱ्यांकडे एक विद्या होती. लढाईत एका बंदुकीचा चाप मोडला तर दुसरीचा काढून तिला बसला पाहिजे. म्हणून प्रत्येक भाग ठरल्या मापाचा आणि दुसऱ्यासारखा दुसरा. हीच शिस्त सायकलीत आली. बीएसए स्वतःच्या सायकली तर करायचीच, पण सायकलीचे भाग इतर कारखानदारांना आणि छोट्या दुकानदारांनाही विकायची. एखाद्या गावातला कारागीर बीएसएचे भाग आणायचा, सांगाडा जोडायचा आणि त्यावर आपलं नाव घालून सायकल विकायचा. अशा व्यवहारातून मापं पसरली. दोन्ही पेडलं ज्या आसावर फिरतात, त्याच्या दोन्ही टोकांना कटोऱ्या असतात. त्या कटोऱ्यांना इंचाला चोवीस आटे हे बीएसएचं माप. बीएसएचा तो कारखाना आज नाही. पण जगात कुठेही जा, सायकलवाले या मापाला अजून ‘बीएसए’ म्हणूनच ओळखतात. एखाद्या कंपनीचं नाव अखेर आट्यांच्या रूपाने उरावं, ही मला मोठी गमतीची गोष्ट वाटते.

नॉटिंगहॅमच्या रॅले कंपनीची तऱ्हा वेगळी. फ्रँक बोडेन यांनी १८८०च्या दशकाच्या अखेरीस एक छोटं वर्कशॉप हाती घेतलं आणि बघता बघता ती जगातली एक बलाढ्य कंपनी झाली. स्टर्मी-आर्चर हब तिचंच. रॅलेने आपल्या कटोऱ्यांना इंचाला सव्वीस आटे ठेवले. दोनच आट्यांचा फरक! पण त्या फरकामुळे बीएसएची कटोरी रॅलेला बसत नाही. कंपनी जोरात होती तोवर कोणाचं अडलं नाही. भाग कुठेही मिळायचे. आज मात्र जुन्या रॅलेची कटोरी फुटली, तर दुसऱ्या जुन्या रॅलेच्या पोटातूनच ती काढावी लागते. चोवीस आट्यांवाल्यांना सगळं जग सोयरं, सव्वीसवाल्यांना फक्त आपली भावकी. सामाईक मापाचा उपयोग काय, हे सांगायला याहून चांगलं उदाहरण मला सापडलेलं नाही.

या सायकली हिंदुस्थानात आल्या त्या आधी साहेबासाठी. पुढे टपालवाले, तारवाले, कारकून, वकील, मास्तर त्यांच्यावर बसले. नंतर दूधवाले, पाववाले, पेपरवाले आले. दोन महायुद्धांच्या मधल्या काळात विलायती कारखानदारांचं हिंदुस्थान हे मोठं गिऱ्हाईक होतं. दुसऱ्या महायुद्धात जहाजं अडली आणि आयात आटली. त्या सुमारास मुंबईत वरळीला हिंद सायकल्सचा कारखाना उभा राहिला. स्वातंत्र्यानंतर १९४९ साली मद्रासला टी. आय. सायकल्स सुरू झाली आणि हर्क्युलिस, फिलिप्स, बीएसए ही विलायती नावं देशी सायकलींवर आली. बंगालमध्ये आसनसोलला सेन-रॅले आली. १९५१ साली सोनीपतला ॲटलास आली आणि १९५६ साली लुधियानात हिरो सायकल्स.

यातल्या हिरोची हकीगत सुट्या भागांच्या इतिहासात यायलाच हवी. मुंजाल बंधू मूळचे कमालियाचे. हे गाव आज पाकिस्तानात आहे. १९४४ साली ते अमृतसरला आले आणि सायकलीच्या भागांचा व्यापार करू लागले. पुढे लुधियानात येऊन ते भाग बनवू लागले आणि अखेर सगळी सायकलच करू लागले. सुनील कांत मुंजाल यांनी आपल्या घराण्याच्या उद्योगाचा इतिहास लिहिला आहे. त्यात करीम दीन नावाच्या एका कारागिराची आठवण आहे. हे करीम दीन सायकलीच्या सीट बनवायचे आणि त्या स्वतःच्या नावाखाली विकायचे. ते नाव होतं ‘हिरो’. फाळणी झाली. करीम दीन पाकिस्तानात जायला निघाले. मुंजाल बंधूंपैकी ओमप्रकाश यांनी त्यांना विचारलं, तुमचं हे नाव आम्ही वापरू का? करीम दीन यांनी होकार दिला आणि ते निघून गेले.

१९४७ सालच्या पंजाबात काय चाललं होतं, हे आपल्याला माहीत आहे. दोन्ही बाजूंनी माणसं घरं, शेतं, दुकानं टाकून जीव घेऊन पळत होती. त्या दिवसांत एका मुसलमान कारागिराने सरहद्दीच्या पलीकडे जाताना आपलं नाव मागे ठेवलं आणि एका हिंदू व्यापाऱ्याने ते उचलून पुढे नेलं. १९८६ साली त्याच नावाची कंपनी जगात सर्वांत जास्त सायकली करणारी म्हणून गिनीज बुकात नोंदली गेली. मोडून पडलेल्या एका यंत्रातून एक भाग शाबूत निघावा आणि तो दुसऱ्या यंत्रात बसून चालू लागावा, तसं हे झालं. फाळणीविषयी मी पुष्कळ वाचलं आहे. ही एवढीशी गोष्ट मात्र माझ्या मनातून जात नाही.

कारखाने मोठ्या शहरांत होते. सायकलीचं खरं आयुष्य गेलं ते आपल्या गावांत आणि पेठांत. पुण्याला सायकलींचं शहर म्हणायचे, ते उगाच नव्हे. तिथेच कशाला, तालुक्याच्या गावीही तासावर सायकल भाड्याने देणारी दुकानं होती. नगरपालिकेचा बिल्ला नसला, संध्याकाळी दिवा नसला किंवा डबलसीट बसलं, की पोलीस चाकातली हवा सोडायचा. लग्नात जावयाला घड्याळ, रेडिओ आणि सायकल देण्याची रीत होती. आणि या साऱ्या व्यवहाराच्या मुळाशी बसलेला होता सायकल-मिस्त्री.

माझ्या लहानपणी आमच्या मोहल्ल्याच्या तोंडाशी असे एक मिस्त्री होते. आम्ही पोरं त्यांना चाचा म्हणायचो, मोठी माणसं उस्ताद म्हणायची. त्यांच्या दुकानात डालड्याच्या डब्यांची रांग असायची. एका डब्यात छर्रे, एकात कोन, एकात कॉटर पिना, एकात व्हॉल्व्हट्यूबचे तुकडे. ते काही म्हणजे काही फेकून द्यायचे नाहीत. चाक ‘आउट’ झालं, म्हणजे वाकडं फिरू लागलं, की ते स्पोकला नखाने टिचकी मारायचे आणि कान पुढे करायचे. ढिल्या तारेचा आवाज बद्द येतो, ताणलेल्या तारेचा खणखणीत. एकेक निपल पाव-अर्धा फेरा फिरवत ते सगळ्या तारा एका सुरात आणायचे. पुढे मी कवितेच्या नादी लागलो. ओळ कुठे ढिली पडते, हे कानाला कळावं लागतं, ही पहिली शिकवण मला या चाकापाशी मिळाली, असं म्हणायला हरकत नाही.

ही विद्या वाटते तेवढी सोपी नाही. डावं पेडल उलट्या आट्यांचं असतं. ते नेहमीच्या दिशेने सोडवायला गेलं तर आणखी घट्ट होतं. आसाची उजवीकडची कटोरीही उलट्या आट्यांची. क्रँक धरून ठेवणारी कॉटर पिन हातोडीने काढताना क्रँकखाली आधार द्यावा लागतो. नाहीतर घाव छर्ऱ्यांवर जातो आणि कटोरीला खड्डे पडतात. कोन फार आवळला तर चाक अडतं, सैल ठेवला तर डुगडुगतं. या दोहोंमधली जागा बोटांना समजते. ती सांगून कळत नाही. शब्दही पाहा कसे एकत्र आले आहेत. हब, रिम, कोन इंग्रजी. छर्रा आणि कटोरी हिंदुस्थानी. आटे आणि पाना आपले. मिस्त्रीचं एकेक वाक्य म्हणजे वेगवेगळ्या भाषांतले भाग जोडून केलेली सायकलच.

पुढे कारखान्यांचे दिवस फिरले. हिंद सायकल्स आणि सेन-रॅले डबघाईला आल्या आणि १९८० साली कायदा करून सरकारने त्या ताब्यात घेतल्या. त्यांची चाकं पुन्हा नीट फिरली नाहीत. नॉटिंगहॅमला रॅलेचे सांगाडे बनणं १९९९ साली थांबलं आणि २००२ साली तिथला कारखाना बंद झाला. २००० साली स्टर्मी-आर्चरची यंत्रसामग्री तैवानच्या कंपनीकडे गेली. आपल्याकडे ॲटलासने साहिबाबादचा कारखाना २०२० साली ३ जूनला बंद केला. ३ जून हा संयुक्त राष्ट्रांनी ठरवलेला जागतिक सायकल दिन. कारखाने असे एकामागून एक गेले. त्यांनी केलेल्या सायकली मात्र अजून चालताहेत.

जुन्या सायकलींना आता बाजारात वेगळाच भाव आला आहे. पुण्याच्या जुन्या बाजारात वर्षानुवर्षं ल्युकासचे दिवे, पितळी घंट्या, चामड्याच्या सीटा जमिनीवर मांडलेल्या दिसत. पूर्वी त्या घ्यायला मिस्त्री यायचे, नंतर हौशी संग्राहक येऊ लागले. २०१७ साली पुण्यात कर्वेनगर भागात विक्रम पेंडसे यांनी जुन्या सायकलींचं संग्रहालय सुरू केलं. अशी संग्रहालयं हवीतच. पण या हौसेच्या बाजाराची एक काळी बाजूही आहे. नुसती ब्रुक्सची सीट, नुसता दिवा आणि नुसता पितळी बिल्ला विकून अख्ख्या सायकलीपेक्षा जास्त पैसे मिळू शकतात. मग चालती सायकल सोडवली जाते, दागिने विकले जातात आणि सांगाडा भंगारात जातो. पूर्वी सुटा भाग दुसऱ्या सायकलीला जगवायला जात होता, आता तो दिवाणखान्याच्या भिंतीवर जातो. सुट्या भागांच्या व्यवहारात पडलेला हा फरक मला महत्त्वाचा वाटतो.

या प्रश्नाचं एक उत्तर अमेरिकेत सापडतं. तिथे अनेक शहरांत लोकांनी मिळून चालवलेली सायकल वर्कशॉप आहेत. काही रीतसर सहकारी संस्था आहेत, काही नुसत्या स्वयंसेवकांच्या. १९८४ साली ‘बाइक्स नॉट बॉम्ब्ज’ ही संस्था निघाली. निकाराग्वातल्या सरकारविरोधी बंडखोरांना तेव्हा अमेरिकेचं सरकार शस्त्रं पुरवत होतं. या मंडळींनी ठरवलं, आपण निकाराग्वाच्या लोकांना सायकली पाठवू. लोकांच्या घरी पडून असलेल्या जुन्या सायकली त्यांनी गोळा केल्या आणि तिकडे धाडल्या. बंदुका बनवणाऱ्यांनी सायकली बनवल्या होत्या. शंभर वर्षांनी बंदुकांना उत्तर म्हणून सायकली निघाल्या. लॉस एंजेलिसचं ‘बायसिकल किचन’ २००२च्या सुमारास एका बिऱ्हाडाच्या स्वयंपाकघरात सुरू झालं, म्हणून त्याचं नाव ‘किचन’.

अशा वर्कशॉपची रीत साधारण एकच. लोक जुन्या सायकली दान देतात. ज्यांचा सांगाडा वाकला किंवा तडकला आहे, त्या सोडवून भाग वेगवेगळ्या खोक्यांत ठेवतात. ज्यांचा सांगाडा धड आहे, त्या दुरुस्त करतात. त्यातली एखादी जुनी रॅले निघाली तर ती चांगल्या किमतीला विकतात आणि त्या पैशात जागेचं भाडं भागतं. सुटे भाग स्वस्तात देतात. पण मुख्य गोष्ट पुढेच आहे. तुमची सायकल ते सहसा दुरुस्त करून देत नाहीत. स्टँड देतात, पाना देतात, शेजारी उभे राहतात आणि तुमच्याकडून करून घेतात. पाना हातात आल्याशिवाय विद्या येत नाही, हे चाचांनाही ठाऊक होतं. फरक इतकाच, की चाचांकडे एखादं पोर शिकायचं आणि तिथे जो येईल तो शिकतो.

आणखी एक धागा आहे. जुन्या विलायती सायकलीला अठ्ठावीस बाय दीड इंचाचा टायर लागतो. पश्चिमेकडे हे माप मागे पडलं. आपल्याकडे मात्र दूधवाल्याच्या आणि गॅस-सिलिंडरवाल्याच्या काळ्या सायकलीला तेच माप लागत राहिलं, म्हणून आपले कारखाने तो टायर करत राहिले. परदेशातला एखादा शौकीन आपली जुनी रॅले रस्त्यावर आणतो, तेव्हा तिच्या चाकात भारतात तयार झालेला टायर असू शकतो. आपण ज्याला गरिबाची सायकल म्हणून नाक मुरडलं, तिने साहेबाच्या सायकलीला पाय दिले.

आपल्याकडे दुधाचे, साखरेचे सहकारी संघ झाले. सायकलीचा झाला नाही, कारण तशी गरज पडली नाही. मिस्त्री होता ना! आता मिस्त्री म्हातारा झाला आहे. त्याच्या मुलाने मोटारसायकलचं गॅरेज टाकलं किंवा तो आखातात गेला. नाक्यावरचं दुकान बंद होतं, तेव्हा डबे भंगारात जातात आणि बोटांतली विद्या माणसाबरोबर जाते. छर्रा पुन्हा बनवता येईल. कोन नेमका कुठे थांबवायचा, हे कळणारी बोटं बनवायला काही वर्षं लागतात आणि शिकवणारा जिवंत असावा लागतो. आयटीआयच्या एखाद्या वर्गात, शाळेच्या एखाद्या शेडमध्ये, तालमीच्या किंवा मशिदीच्या आवारातल्या रिकाम्या खोलीत दोन स्टँड आणि एक पेटी पाने ठेवून रविवारी सकाळी असं वर्कशॉप चालवता येईल. गावातल्या मिस्त्रीला तिथे मानाने खुर्ची द्यावी. लागणारे भाग गावाच्या माळ्यांवर आहेतच.

जुनी सायकल माळ्यावरून खाली काढली, की तिला तीन गिऱ्हाइकं येतात. भंगारवाला तिला तराजूत घालतो आणि किलोचा भाव सांगतो. शौकीन तिचा बिल्ला वाचतो आणि नावाचा भाव सांगतो. मिस्त्री काही बोलत नाही. तो तिला उलटी करतो, चाकाला हात मारतो आणि ते किती वेळ फिरतं, ते बघत राहतो. सायकल त्याच्याकडे न्या. त्याचा भाव सगळ्यात कमी असेल, पण उद्या ती रस्त्यावर दिसेल.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)